फेअरट्रेड शिकवताना आधी चॉकलेट फोडा

फेअरट्रेड म्हणजे शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव आणि वर जादा रक्कम देणारी, प्रमाणपत्रावर चालणारी व्यापारपद्धत. पण मुलांना ही व्याख्या नंतर. दहा तुकड्यांचं चॉकलेट घ्या. पाच मुलांना घानातला कोको शेतकरी, व्यापारी, जहाजवाला, कारखानदार, दुकानदार करा. किती तुकडे हवेत आणि का, ते प्रत्येकाने सांगायचं. मागण्या हमखास दहाच्या वर जातात. भांडू द्या थोडं. शेवटी शेतकऱ्याच्या हातात एका तुकड्याहूनही कमी ठेवा.

मग दोनच गोष्टी सांगा:
- किमान किंमत: बाजार पडला तरी त्याखाली भाव नाही.
- प्रीमियम: भावावर मिळणारी जादा रक्कम. कोकोसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये तो टनाला २४० डॉलर झाला. पैसे सहकारी संस्थेकडे जातात. शाळा की विहीर, हे सभासद ठरवतात.

नवखे शिक्षक 'बिचारे शेतकरी' असा सूर लावतात. तो टाळा, हा व्यवहार आहे, दानधर्म नव्हे. सगळं सुटतं असंही सांगू नका: संस्थेचा बराच माल साध्या बाजारभावानेच जातो. प्रमाणपत्राची फी वगैरे सध्या राहू द्या.