उंची ५ फूट ३ इंच आणि क्लासिक ३५०: शॉकअपला हात लावण्याआधी सीट बघा

तुम्ही विचारलंय की उंची ५ फूट ३ इंच आहे, रॉयल एनफिल्डची सेकंडहँड क्लासिक ३५० घेतलीय, सिग्नलला नुसते चवडे टेकतात. मेकॅनिक म्हणतोय, मागचे शॉकअप बदलून गाडी दीड-दोन इंच खाली करून देतो. करू का?

नका करू. माझी उंची तुमच्याहून इंचभर कमीच आहे आणि हीच गाडी मी साताऱ्यात रोज चालवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नुसते मागचे शॉकअप आखूड केले की गाडी मागे बसते. वळताना हँडल जड लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि साइड स्टँड आहे तेवढाच राहतो! खाली आलेल्या गाडीला तो लांब पडतो, गाडी पुरेशी कलत नाही, जवळजवळ ताठ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे आडवी होते. पेलत नाही म्हणून खाली करायची आणि ती उभ्या उभ्या पडायची, याला काय अर्थ? गतिरोधकावर पोट घासणार ते वेगळंच.

आधी सीट. क्लासिकच्या सीटची उंची ८०५ मिमी आहे, पण आपल्याला नडते ती तिची रुंदी. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय सरळ खाली न जाता बाहेरून वळसा घेऊन जमिनीवर येतात. त्यामुळे टाकीजवळच्या दोन्ही कडा छाटल्या तरी पाय बराच खाली पोचतो. सीटवाल्याकडे गाडी घेऊनच जा, पायात रोजचे बूट हवेत. कव्हर काढायला लावा, उघड्या फोमवर बसा, पाय खाली सोडा आणि मांडीला आतून कड जिथे रुतते तिथे स्केचपेननं खूण करून घ्या. थोडं छाटायचं, बसून बघायचं, परत थोडं. कव्हर अगदी शेवटी. वरून फोम फार तर इंचभर काढा, त्याहून जास्त काढलात तर पुणं येईपर्यंत बूड दुखायला लागतं. मूळ फोम जपून ठेवा, दुसरा जरा टणक फोम आणून त्याच्यावर हे करा.

मागच्या शॉकअपचा कडकपणा खाचांवर कमी-जास्त होतो. आधीच्या मालकानं डबलसीटसाठी कडक करून ठेवला असेल. एकटे फिरत असाल तर सगळ्यात मऊ खाचेवर आणा, तुम्ही बसल्यावर गाडी थोडी जास्त दबेल. बूट जाड तळाचे घ्या, मात्र गिअरची पट्टी पायाला नीट कळली पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोडा. गाडी १९५ किलोची आहे, पण ताठ उभी असेल तर ते वजन टायर पेलतात, तुम्ही फक्त तोल धरायचा. त्याला एक पाय पुरतो, पण तो टाचेसकट टेकलेला हवा. थांबताना सीटवर थोडं डावीकडे सरका, डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. कासच्या फुलांच्या दिवसांत यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागते तेव्हा दोन चवड्यांवर उभा राहिलेला माणूस ब्रेकसाठी पाय उचलू शकत नाही आणि मागे घसरतो. मागच्या ब्रेकवर गाडी धरून हाफ क्लचवर ती ओढ घेईपर्यंत थांबायचं, मगच ब्रेक सोडायचा. हे आधी एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी घोटून घ्या. टाकी अर्धीच ठेवा. १३ लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास दहा किलो, आणि तेही वरच्या अंगाला.

थांबायच्या आधी हँडल सरळ झालंच पाहिजे. हळू वेगात हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी तिथल्या तिथे कलते, आणि एका हद्दीपलीकडे कललेली गाडी उंच माणसालाही आवरत नाही. यू-टर्नला मागचा ब्रेक हलका, हाफ क्लच, नजर जायचंय तिकडे.

डांबराच्या अगदी कडेला थांबू नका. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, डावा पाय नेमका खोलात जातो. साताऱ्यातल्या वरचा रस्ता आणि खालचा रस्ता या दोन रस्त्यांमधल्या उताराच्या बोळांत गाडी लावताना तोंड चढाकडे ठेवा, पहिला गिअर टाका. उताराला तोंड करून भिंतीशी लावलेली गाडी मागे ओढताना घाम निघतो. ढकलायची असेल तर खाली उतरा, डाव्या बाजूनं कंबर सीटला टेकवून ढकला.

पडलीच तर आधी इंजिन बंद करा आणि गिअरमध्ये टाका. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा, सायलेन्सरला मात्र हात लागू देऊ नका. मग पाठ गाडीकडे करून बूड सीटच्या कडेला टेकवा, एक हात हँडलवर, दुसरा मागच्या दांडीवर, आणि कंबर न वाकवता मागे मागे छोटी पावलं टाका. जोर मांड्यांचा लागतो, हातांचा नाही.

एवढं करूनही जमलं नाही तर रॉयल एनफिल्डचीच मीटिओर ३५० बघा. वजन १९१ किलो, म्हणजे जवळपास तेवढंच, पण सीट ७६५ मिमीवर. विकत घ्यायची नसली तरी शोरूममध्ये एकदा बसून बघा, म्हणजे आपल्या सीटवाल्याला नेमकं किती छाटायला सांगायचं याचाही अंदाज येईल.