लॉकडाउनमध्ये कंपनीने अर्धाच पगार दिला. पुन्हा अशी साथ आली तर कायद्याने मालकाला काय द्यावं लागेल?

तुमच्या एचआरने सांगितलं म्हणे, ‘तो पगाराचा आदेश सुप्रीम कोर्टाने रद्द केला होता.’ ही थाप मी 2020 पासून ऐकतोय, म्हणून आधी तिचाच समाचार घेतो.

केंद्रीय गृहमंत्रालयाचा आदेश 29 मार्च 2020 चा, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचा: बंद काळाचा पगार ठरल्या तारखेला, कपात न करता द्या. 18 मेपासून तो मागे घेतला सरकारनेच. मधले दिवस 50. या आदेशाविरुद्ध ‘फिकस पॅक्स’ कंपनीने नेलेल्या प्रकरणात 12 जूनला सुप्रीम कोर्ट म्हणालं, या दिवसांच्या पगारावर मालक-कामगारांनी बोलणी करावीत, जमलं नाही तर कामगार खात्याकडे जावं, मालकांवर सक्तीची कारवाई नको. तडजोड झाली तरी दोघांचे हक्क राखूनच. यात पगार माफ कुठे झाला?

आणि आपल्याकडे तर औरंगाबाद खंडपीठाचा 30 एप्रिल 2020 चा ‘अलाइन कंपोनंट्स’चा आदेश आहे. मालकांची तयारी होती निम्मा पगार किंवा किमान वेतन, जे जास्त असेल ते द्यायची. कोर्टाने ते मानलं नाही. प्रवास आणि जेवणाचा भत्ता वगळून पूर्ण पगार द्या, म्हणाले. निर्बंध उठल्यावरही जो आपणहून आला नाही, त्याचे पैसे मात्र रीतसर कापायची मुभा दिली. एचआरवाले आदेशातलं हे वाक्य तेवढं पाठ करतात. राज्याच्या 31 मार्चच्या शासन निर्णयात कंत्राटी आणि रोजंदारीवालेही हजर धरायचे होते, त्याबद्दल चकार शब्द नाही.

आता पुढच्या वेळचं. असा आदेश निघालाच नाही, तर मामला ले-ऑफवर येतो, म्हणजे काम देता येत नाही म्हणून मालक कामगाराला नोकरीवरून न काढता तात्पुरतं घरी बसवतो. 50 किंवा जास्त कामगारांचा कारखाना आणि तुमची वर्षाची सलग नोकरी असेल, तर भरपाई मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या निम्मी. एकूण पगाराच्या निम्मी नव्हे. स्लिपवर एकूण 20,000 आणि मूळ अधिक महागाई 12,000 असेल, तर हातात 6,000. बदली (दुसऱ्याच्या जागी तात्पुरते लावलेले) आणि कॅज्युअल (प्रासंगिक) कामगार यातून बाहेर. अडकायला होतं ते हजेरीवर: ले-ऑफमध्येही कंपनीला मस्टर (हजेरीपट) ठेवावं लागतं आणि तुम्हाला दिवसातून एकदा गेटवर हजेरी द्यावी लागते, नाहीतर भरपाई बुडते. संचारबंदीत गेटपर्यंत जाणार कसे? म्हणून ‘येऊ नका’ हे कंपनीकडून लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना.

पन्नासच्या आतले वर्कशॉपवाले म्हणतात, आम्हाला हे लागूच नाही. भरपाईचं कलम लागू नाही, खरं. पण ‘फायरस्टोन’ कंपनीच्या खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या 1976 च्या निकालाप्रमाणे स्थायी आदेशात (कारखान्याच्या मंजूर सेवानियमांत) किंवा करारात तरतूद नसेल तर ले-ऑफ द्यायचा अधिकारच मालकाला नसतो, म्हणजे देणं उलट पूर्ण पगाराचं होतं. हे सांगितलं की समोरचा सल्लागार चहा मागवतो.

स्वतः आजारी पडलात तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) बघा: पगाराच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत, संबंधित सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. त्या काळात कामावरून काढता येत नाही. घोळ होतो तो रजेचा. कंपनी उपकार केल्यासारखं ते दिवस पगारी रजेत टाकते, आणि पगारी दिवसांचा आजारपणाचा लाभ ईएसआय देत नाही. हक्काची रजा गेली ती गेलीच. दाखला दिल्यावर रजेच्या नोंदी स्वतः तपासा.

‘युनियनशी करार झालाय’ म्हणाले, तर तो समेट अधिकाऱ्यासमोर (तंटा मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) झाला का ते विचारा. तसा असेल तर सगळ्यांना बांधतो. बाहेर परस्पर झालेला फक्त सही करणाऱ्या पक्षांना, आणि त्याची प्रत कामगार खात्यात जायला हवी. कंत्राटदाराने पगार दिला नाही, तर मूळ कंपनीकडे मागा. ती जबाबदारी तिचीच.

एक राहिलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, कलमांचे क्रमांक बदललेत आणि ले-ऑफसाठी सरकारी परवानगीची अट 100 ऐवजी 300 कामगारांपासून लागते. निम्म्या भरपाईचं सूत्र तेच आहे. तुम्ही मॅनेजर असाल तर ले-ऑफचं यातलं काहीच तुम्हाला लागू नाही, नेमणूकपत्र काढून वाचा.