वाचकांचे प्रश्न : भिंतीवरच्या वंशावळीत नसलेली माणसं

प्रश्न : आमचं देसायांचं घर डिचोली तालुक्यात आहे. राजांगणाचा, म्हणजे मधे उघडा चौक असलेला जुना वाडा आहे आणि समोरची बाजू दुमजली. आजोबा सांगत की छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराचं देऊळ बांधलं तेव्हा ते आमच्या वाड्यात उतरले होते. पणजोबांना 1922 मध्ये पोर्तुगीज सरकारने ‘बॅरन’ ही पदवी दिली, असंही घरात सांगतात. पुढच्या मे महिन्यात सगळे भाऊबंद देवकार्याला जमणार आहेत. त्याआधी घराण्याचा इतिहास छापायचा विचार आहे. देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत हक्कदारांच्या यादीवरून केलेली वंशावळ हाताशी आहे. सुरुवात कुठून करू? आणि कुळकायद्यात आमची शेतं गेली, ते लिहावं की गाळावं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वंशावळीचा कागद तुम्ही सोबत पाठवलात हे बरं केलंत. नऊ पिढ्यांची नावं आहेत, आणि त्यात एकही बाई नाही. त्याकडे मी शेवटी येणार आहे, कारण माझ्या मते तुमच्या पुस्तकाची खरी सुरुवात तिथेच आहे.

आधी महाराजांचा मुक्काम. नार्व्याच्या देवळाच्या दारावरचा शिलालेख तुम्ही लहानपणापासून पाहत आला असाल. त्यात शके 1590, म्हणजे इ.स. 1668, आणि ‘श्रीशिवराज्ञा’ असे शब्द आहेत. काम महाराजांच्या आज्ञेने सुरू झालं एवढं तो दगड सांगतो. मुक्कामाबद्दल त्यात काही नाही. म्हणून आजोबांची आठवण ‘घरात असं सांगतात’ म्हणूनच लिहा. गाळू मात्र नका. चार पिढ्या जी गोष्ट मुलांना सांगितली गेली ती घराच्या इतिहासाचाच भाग असते. तिचं पुराव्यात रूपांतर करू नये, इतकंच.

वाडा किती जुना हे वाड्यालाच विचारा. छप्पर मंगळुरी कौलांचं असेल तर ते 1865 नंतरचं, कारण बाझेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला तो त्या वर्षी. कौलावर 1865 किंवा 1868 असा आकडा उठवलेला दिसला तर हुरळून जाऊ नका. तो कारखान्याच्या स्थापनेचा आकडा, तुमच्या छपराचा नव्हे. त्याआधी आपल्याकडे नळ्यांची कौलं होती. माळ्यावर चढून वासे पाहा. नळ्यांसाठी बसवलेले वासे आणि मंगळुरी कौलांसाठीच्या रिपा यांतलं अंतर वेगळं असतं, गावातला जुना सुतार ते बोट ठेवून दाखवील. खिडक्यांना कुठे शिंपल्यांची तावदानं उरली आहेत का तेही बघा. काच सर्रास मिळू लागण्याआधी सुबत्ता असलेल्या घरांत ती बसवत. तुमच्या छायाचित्रात राजांगणाभोवतीचे खांब जाड, बुटके आणि मातीच्या गिलाव्याचे दिसतात, तर समोरच्या दुमजली भागाच्या खिडक्या उंच, कमानीच्या, रस्त्याकडे तोंड केलेल्या. आपली हिंदू घरं आतल्या बाजूला उघडत. तुळस, विहीर, उजेड सगळं आत. रस्त्याकडे बघणारी ही बाजू नंतर कुणीतरी जोडली असणार. ती जोडणारा पूर्वज कोण आणि त्याच्याकडे पैसा कुठून आला, हा प्रश्न मला पदवीपेक्षा मोलाचा वाटतो.

आता पदवी. पोर्तुगालातली राजसत्ता ऑक्टोबर 1910 मध्ये गेली आणि त्याच महिन्यात नव्या प्रजासत्ताकाने सरदारी पदव्या रद्द केल्या. तेव्हा 1922 मध्ये सरकारने कुणाला बॅरन केलं हे जमत नाही. पेडण्याच्या देशप्रभूंना व्हिस्कोंद (तशीच एक सरदारी पदवी) म्हणत, पण ती राजाच्या काळातली गोष्ट. तुमच्या पणजोबांना एखादं सन्मानपदक मिळालेलं असू शकेल, पदकं प्रजासत्ताकातही दिली जात. सरकारी राजपत्र, म्हणजे जुन्या माणसांचं ‘बोलेतीं’, 1837 पासून निघत होतं. पणजीच्या पुराभिलेखागारात जाऊन त्या एका वर्षाचे अंक चाळा. नाव सापडलं तर जसं छापलं आहे तसंच उतरवून घ्या. नाही सापडलं तर हा परिच्छेद पुस्तकात नको. चांदोरच्या मिनेझिस ब्रागांझांच्या घरात झुंबरं आहेत, चिनी भांडी आहेत, मोठा ग्रंथसंग्रह आहे. पण त्या घरातल्या लुईस द मिनेझिस ब्रागांझांनी 1930 मध्ये गोव्यातल्या पोर्तुगीज काळच्या विधिमंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला, आणि लोक त्यांना त्यासाठी ओळखतात.

कागद कुठे मिळतील? डिचोली पोर्तुगिजांकडे 1781 मध्ये गेली. त्याआधी तुमच्याकडे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे त्या काळचं जे काही असेल ते मोडीत असेल आणि तुमच्याच पेटाऱ्यात असण्याचा संभव जास्त. नंतरचे व्यवहार नोतारच्या, म्हणजे दस्त करणाऱ्या नोटरीच्या दप्तरात सापडतील, जमिनीच्या नोंदी मात्रीजमध्ये, म्हणजे जुन्या महसुली नोंदवहीत. पण माझं ऐकाल तर सगळ्यात आधी ‘इन्व्हेंतार’, म्हणजे माणूस गेल्यावर कोर्टात झालेली मालमत्तेची आणि वारसांची यादी, शोधा.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते ते माझ्या माहेरच्या गोष्टीवरून सांगते. फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरात ओटीवर वंशावळ टांगलेली असायची, बाबांनी शाईने काढलेली, बेलाच्या पानांची नक्षी असलेली. ती महाजनांच्या यादीवरूनच केलेली. देवस्थानांचा कायदा 1933 चा, त्याप्रमाणे महाजनांच्या याद्या झाल्या आणि त्यांत घरोघरच्या पुरुषांचीच नावं गेली. मी शाळेत इतिहास शिकवायला लागले तेव्हाही ती वंशावळ मला पूर्णच वाटायची. मग जमिनीच्या एका कामासाठी पणजोबांच्या इन्व्हेंतारची नक्कल काढावी लागली. गोव्यात 1870 पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू झाली. हिंदूंच्या काही चालीरीती 1880 च्या फर्मानाने राखल्या गेल्या, पण वारसाहक्क मुलग्याइतकाच मुलीचाही राहिला. त्यामुळे माणूस गेल्यावर कोर्टात मालमत्तेची यादी व्हायची आणि वारस म्हणून मुलींचीही नावं घालावी लागत. आमच्या नकलेत चार मुलगे होते, वंशावळीत होते तेच. आणि त्यांच्यानंतर दोन मुली.

त्यातली धाकटी बाबांची आत्या. अकराव्या वर्षी विधवा होऊन घरी परत आली आणि पुढची पन्नास वर्षं आमच्या माजघरात काढली. बाबा तिच्या हातचं जेवून वाढले, तरी त्यांनी काढलेल्या झाडावर तिला फांदी नव्हती. त्या कागदात घरातलं सगळं मोजलेलं आहे : तांब्याचे हंडे, पितळेच्या समया, दोन पलंग, कुळागरातल्या माडांची आणि पोफळींची संख्या, प्रत्येकाची किंमत रुपयांत आणि तांग्यांत (तेव्हाचं सुटं नाणं). आणि शेवटी आत्याची हक्कसोड. सहीच्या जागी अंगठा. साऱ्या माडांवरचा हक्क तिने सोडला, मागे ठेवला फक्त एक हंडा. तो हंडा अजून आमच्या न्हाणीघरात आहे. मी लहानपणी त्यातल्या पाण्याने आंघोळ केली आहे, आणि तो तिचा होता हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

म्हणून तुम्हाला सांगते, महाजनांच्या यादीवर पुस्तक उभं करू नका. इन्व्हेंतार जुन्या दिवाणी कोर्टाच्या दप्तरात असतो. नक्कल मागताना मयताचं पूर्ण नाव, गाव आणि मृत्यूचं साल लागेल. पोर्तुगीज वाचणारा कुणी सोबत न्या. घराच्या सगळ्या लेकी, त्यांची सासरं, कुणी हक्क घेतला आणि कुणाकडून सोडवून घेतला, हे सगळं त्यात मिळेल. मे महिन्यात भाऊबंदांना बोलावता आहात, त्या लेकींच्या नातवंडांनाही बोलवा. कितीतरी गोष्टी त्यांच्याच घरी सापडतील.

शेवटचं, कुळकायद्याचं. लिहा. नीट, तारखांसह लिहा. मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आला, 1975 मध्ये मुंडकारांना, म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांना, घरातून काढण्याविरुद्ध संरक्षण मिळालं, आणि 1976 च्या दुरुस्तीने कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली. तुमच्या पत्रात ‘शेतं गेली’ असा शब्द आहे. घरातल्यांना कसं वाटलं ते लिहायचा तुम्हाला हक्क आहे, वर्षाचं भात येणं थांबलं की मोठं घर किती पटकन गळायला लागतं हे मी पाहिलं आहे. पण ती शेतं पिढ्यान्‌पिढ्या कुणी नांगरली, खंड म्हणून किती भात घातलं, वाड्याचे चिरे कुणी डोक्यावरून आणले, हेही त्याच प्रकरणात यायला हवं. तुमच्या भाटात (माडांच्या बागायतीत) राहणाऱ्या मुंडकारांपैकी सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे जाऊन बसा. जाताना वही उघडी नेऊ नका, दोन-तीनदा नुसतं बोलून या. वाड्याच्या मागच्या दाराने जे आत-बाहेर झालं ते तिला तुमच्या आजोबांपेक्षा जास्त ठाऊक असेल.

प्रश्न : आमच्या वाड्याचे सत्तावीस वारस झाले आहेत. वाटणी झाली तर वाडा तुकड्यांत जाईल. तो एका हाती राहू शकतो का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : राहू शकतो, पण त्यासाठी कुणाला तरी पदरचे पैसे घालावे लागतील. इन्व्हेंतारमध्ये वारसांनी आपापसांत बोली लावायची सोय पूर्वीपासून आहे आणि 2012 च्या गोव्याच्या वारसा कायद्यातही ती आहे. जो जास्त बोली लावील त्याला वास्तू मिळते आणि आपल्या वाट्यापेक्षा जास्त झालेली रक्कम तो बाकीच्यांना देतो. दुसरी वाट, एकाच छपराखाली दोन-तीन बिऱ्हाडं. चांदोरच्या त्याच वाड्याला बाहेरून बघितलं तर सलग एकच दर्शनी बाजू दिसते, आत मात्र पूर्वेकडे ब्रागांझा-परेरा आणि पश्चिमेकडे मिनेझिस ब्रागांझा. प्रत्येक शाखा आपापली बाजू सांभाळते. सत्तावीसजणांना सह्यांसाठी बोलावण्याआधी एकदा त्यांना जेवायला बोलवा आणि चांगला वकील बघा. या क्रमाने.

प्रश्न : पेटाऱ्यातल्या मोडी कागदांना वाळवी लागली आहे. उन्हात घालू का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : उन्हात नको, कागद ठिसूळ होतो आणि शाई उडते. सावलीत, वारा खेळेल अशा ओटीवर जुन्या सुती लुगड्यावर पसरा, मऊ ब्रशाने माती झाडा. चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये पक्कं बंद करून घेऊ नका. घडी मोडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कागद ज्या क्रमाने निघाले तोच क्रम ठेवा, कारण गठ्ठा बांधणाऱ्याने तो काही विचाराने बांधलेला असतो. वाळवी पेटाऱ्यात असेल तर कागद त्यात परत घालू नका. आणि पेटाऱ्याच्या तळाला अंथरलेलं जुनं वर्तमानपत्र केराबरोबर टाकू नका. त्यावरची तारीख आधी वाचा, पेटारा शेवटचा कधी लावला गेला ते त्यावरून कळेल.