संस्कृतमधलं शृंगारसाहित्य वाचायचं आहे, सुरुवात कामसूत्रापासून करावी का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की दहावीपर्यंत संस्कृत होतं, आता नोकरी लागलीय, कामसूत्राचं मराठी भाषांतर मागवायचंय, पण घरी आई-बाबा असतात तर पुस्तक लपवून ठेवावं का? खरं तर या शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला बसले. बाकीचं तुम्हाला कुणीही सांगेल.

तरी आधी विचारलंय त्याचं उत्तर. कामसूत्रापासून नको. वात्स्यायनाचं ते शास्त्र आहे, बरंचसं रुक्ष. नागरकाने, म्हणजे शहरी रसिक पुरुषाने, रोज आंघोळ करावी, एक दिवसाआड अंग चोळून घ्यावं, तिसऱ्या दिवशी फेस लावावा, चौथ्या दिवशी दाढी करावी, असं पानंच्या पानं चालतं. मसाला शोधत आलेला माणूस पहिल्या अधिकरणातच, म्हणजे भागातच, जांभया द्यायला लागतो. त्याऐवजी अमरुशतक घ्या, अमरू कवीचे सुटे श्लोक. एकाच अंथरुणावर पाठ फिरवून पडलेले नवरा-बायको, दोघांनाही मनातून मिटवायचंय पण आधी बोलायचं कुणी. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून नजरानजर होते आणि भांडण हसण्यात फुटतं. चार ओळींत एवढं सगळं. त्याच्या जोडीला हाल राजाने गोळा केलेली गाथासप्तशती. ती संस्कृत नाही, महाराष्ट्री प्राकृत आहे, म्हणजे आपलीच. तिच्यात सुरुवातीलाच बजावलंय की अमृतासारखं प्राकृत काव्य ज्यांना वाचता-ऐकता येत नाही, ते शृंगाराच्या गोष्टी करतात तेव्हा त्यांना लाज कशी वाटत नाही! स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती १९५६ची आहे, वाचनालयात मिळेल.

आता लपवण्याबद्दल.

आमचे थोरले काका, अण्णा, हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. रघुवंश तोंडपाठ. मी संस्कृत घेतलं ते त्यांच्यामुळेच. पण कालिदासाचं कुमारसंभव शिकवताना सातव्या सर्गात शंकर-पार्वतीचं लग्न लागलं की अण्णांचं पुस्तक मिटायचं. आठवा सर्ग, ज्यात त्या दोघांचा संसार सुरू होतो, तो 'प्रक्षिप्त', म्हणजे मागाहून कुणीतरी घुसडलेला, म्हणून सोडून द्यायचा. एम.ए.ला गेल्यावर कळलं की कालिदासाचा जुना टीकाकार मल्लिनाथ याने आठव्या सर्गावर टीका, म्हणजे भाष्य, लिहिलीय आणि लोकांची शंका आहे ती नवव्यापासून पुढच्या सर्गांवर. सुट्टीत घरी आल्यावर हे मी अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मल्लिनाथाला मुलींच्या वर्गावर शिकवायचं नव्हतं."

त्याच सुट्टीत मी कामसूत्र घरी आणलं होतं, यशोधराच्या जयमंगला टीकेसकट. लपवलं नव्हतं. काचेच्या कपाटात, ज्ञानेश्वरीच्या शेजारी ठेवलं होतं, कारण जागा तिथेच होती. एका दुपारी काकू गवार मोडत बसली होती. म्हणाली, "ते काय आहे ते वाचून दाखव की मला, तुझे काका सकाळपासून त्या कपाटाकडे बघतायत." मी मुद्दाम भार्याधिकारिक काढलं, म्हणजे बायकोच्या वागणुकीचं चौथं अधिकरण. गृहिणीने वर्षाची मिळकत मोजून त्या बेताने खर्च ठरवावा, उरलेल्या दुधाचं तूप करावं, कोंडा-कणी-निखारे वाया घालवू नयेत, नोकरांच्या पगाराचा हिशेब ठेवावा. आणि परसात लावायचं बी वेळेवर धरून ठेवावं: मुळा, काकडी, वांगी, कोहळा, दुधी, सुरण, लसूण, कांदा. काकू म्हणाली, "कांदा-लसूण पण आहे होय? हे चातुर्मासात ह्यांना ऐकव."

मग तिने पुढचं मागितलं. मी कन्याविस्रंभण वाचलं, म्हणजे नव्या नवरीचा विश्वास मिळवण्याचा अध्याय, तिसऱ्या अधिकरणातला दुसरा. लग्नानंतर तीन रात्री दोघांनी जमिनीवर झोपायचं, ब्रह्मचर्य पाळायचं, जेवण आळणी. नंतर सात दिवस गाणीबजावणी, एकत्र जेवणं, नातेवाइकांच्या भेटी. त्यानंतर कुठे हळूहळू तिच्याशी बोलायला लागायचं. बायका फुलांसारख्या असतात, हळुवारपणेच जवळ जावं. विश्वास बसायच्या आत जबरदस्ती केली तर त्यांना त्या गोष्टीचाच तिटकारा बसतो. 'कुसुमसधर्माणो हि योषितः' हे ते सूत्र.

काकूच्या हातातली शेंग तशीच राहिली. "हे पुरुषाने लिहिलंय?"

"हो."

"लग्न झालेलं होतं का त्याचं?"

मी म्हटलं, ते माहीत नाही, पण शेवटी तो स्वतःच सांगतो की ब्रह्मचर्य पाळून, समाधी लावून हे लिहिलंय, लोकांचा संसार चालावा म्हणून, वासना वाढवायला नव्हे.

"तरीच," काकू म्हणाली.

ओसरीवरचा झोपाळा थांबला. अण्णा आत आले आणि जे सुरू झालं ते रात्रीच्या जेवणापर्यंत. त्यांचं म्हणणं, हे ज्ञान अधिकारी माणसाने योग्य वेळी घ्यायचं, बायकांत बसून वाचायचं नाही. गंमत म्हणजे हाच वाद वात्स्यायनाने ग्रंथातच घातलाय. आधीचे आचार्य म्हणतात, बायकांना शास्त्र कळत नाही, त्यांना हे शिकवणं व्यर्थ. वात्स्यायन उत्तर देतो की प्रयोग त्यांना कळतोच, आणि प्रयोग शास्त्रावरच उभा असतो. शिवाय गणिका, राजकन्या, अमात्यांच्या मुली यांची बुद्धी शास्त्राने तयार झालेली असतेच की. मुलीने हे लग्नाआधीच शिकावं असंही तो सांगतो. मी सूत्र दाखवलं. अण्णा म्हणाले, "या घरात वात्स्यायनाला कुणी विचारलेलं नाही." दुसऱ्या दिवशी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर चढलं आणि ते माळ्यावर गेलं, दिवाळीच्या आकाशकंदिलांबरोबर.

अण्णांचा लाडका कवी भवभूती. विदर्भातला, पद्मपूरचा. उत्तररामचरितातला 'किमपि किमपि मन्दं' म्हणताना त्यांचा आवाज कापायचा: राम-सीता गालाला गाल लावून काहीबाही कुजबुजतायत आणि रात्र कधी सरली ते कळत नाही. त्या भवभूतीच्या मालतीमाधवात, सातव्या अंकात, नंदन नावाचा नवरामुलगा पहिल्याच रात्री नवरीवर जबरदस्ती करू बघतो. नवरीच्या वेशात असतो मकरंद, तो त्याला लाथ घालून हाकलतो. आणि त्या अंकात भवभूती कामसूत्रकारांचा हवाला देऊन कुठलं वाक्य घालतो? तेच, कुसुमसधर्माणो. म्हणजे आठव्या शतकात विदर्भातला श्रोत्रिय ब्राह्मण नाटकात, भर सभेत, जे बोलायला लाजला नाही, ते आमच्या माजघरात चालत नव्हतं. हे मी अण्णांना पत्रात सविस्तर लिहिलं, पान क्रमांकासकट. त्यानंतर फोन आला तेव्हा त्यांनी पुण्यात पाऊस कसा आहे ते विचारलं.

अण्णांच्या उलट टोकाची माणसं मला तितकीच कंटाळवाणी वाटतात. 'आपले पूर्वज किती पुढारलेले होते' म्हणून ग्रुपवर फिरवणारे. त्यांनीही वाचलेलं नसतं. वाचलं असतं तर महाराष्ट्रातल्या बायकांना चौसष्ट कलांची हौस आणि अश्लील, कठोर बोलणं आवडतं, हे वात्स्यायनाचं मत त्यांनी फॉरवर्ड केलं असतं का? किंवा कुंतल सातकर्णी सातवाहनाने रतीच्या भरात 'कर्तरी' नावाचा प्रहार करून महाराणी मलयवतीचा जीव घेतला, ही नोंद? वात्स्यायनाने ती 'असलं करू नका' म्हणून दिलीय, हे त्यातल्या त्यात.

आणि हो, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही पुस्तक उघडून मलाच विचाराल. वात्स्यायन काही संत नाही. पाचवं अधिकरण सगळं दुसऱ्याच्या बायकोबद्दल आहे. त्यात गावच्या अधिकाऱ्याला कामावर येणाऱ्या बायका नुसत्या शब्दावर कशा मिळतात, ते हवामानाची बातमी द्यावी तसं सांगितलंय. विवाहाच्या प्रकारांत मुलीला मद्य पाजून बेशुद्ध करायचा मार्गही येतो. तिसऱ्याच अधिकरणात येतो, जिथे आधी फुलांची गोष्ट आहे. एकाच माणसाने दोन्ही लिहिलंय. अण्णांनी पुस्तक माळ्यावर टाकण्याआधी वाचलं असतं, तर मला गप्प करायला त्यांना एवढं पुरलं असतं. मी त्यांना हे कधी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

म्हणून लपवू नका. लपवलेलं पुस्तक लोक न वाचताच ओळखतात. आईने विचारलं तर चौथं अधिकरण काढून भाज्यांची यादी वाचून दाखवा. वडिलांनी विचारलं तर तिसऱ्यातला दुसरा अध्याय त्यांच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा.

घेताना एवढं बघा: अनुक्रमणिकेत सातही अधिकरणं हवीत, ३६ अध्याय. तुम्ही ज्यासाठी लाजताय ते फक्त दुसऱ्या अधिकरणात आहे. भाषांतर मूळ संस्कृतवरून केलेलं हवं, १८८३च्या बर्टनच्या इंग्रजीवरून नको. मूळ ग्रंथात एकही चित्र नाही, तेव्हा चित्रं मोजून किंमत लावली असेल तर पुस्तक दुकानदाराला परत करा आणि उरलेल्या पैशांत अमरू घ्या.