ऐरोलीतल्या आमच्या शाळेचा पाचवी स्कॉलरशिपचा निकाल 22 टक्के आणि जवळच्या शाळेचा 90 टक्के, तिसरीतल्या मुलीची शाळा बदलावी का?

मी दिघा-ऐरोली पट्ट्यात मराठी माध्यमाच्या प्राथमिकला 17 वर्षं शिकवतेय आणि त्यातली बरीच वर्षं पाचवीचा स्कॉलरशिपचा वर्ग माझ्याकडेच होता, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. सरळ सांगते, नुसत्या या दोन आकड्यांवरून शाळा बदलू नका. आधी दोन्ही शाळांत जाऊन एवढंच विचारा की पाचवीच्या पटावर किती मुलं होती आणि परीक्षेला बसवली किती.

का म्हणते ते ऐका. एका वर्षी आम्ही वर्गातली सगळीच्या सगळी 48 मुलं बसवली, 12 पात्र झाली, म्हणजे 25 टक्के. जवळच्याच एका शाळेने निवडून 10 बसवली, 9 पात्र झाली, आणि गेटवर 90 टक्क्यांचा बॅनर. आता तुम्हीच सांगा जास्त मुलं कुणाची तयार झाली? पण पालक बॅनर वाचतात, आणि पुढच्या जूनला आमच्याकडचे सात-आठ दाखले निघाले. तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, अजून वाटतं, कारण त्या 48 मधली निम्मी मुलं अशी होती की ज्यांना दुसरीकडे फॉर्मच भरू दिला नसता.

दुसरं म्हणजे "पात्र" आणि "शिष्यवृत्तीधारक" यात लोक फार गोंधळ करतात. पुण्याची परीक्षा परिषद ही परीक्षा घेते (2025-26 पर्यंत ती पाचवीला होती), दोन पेपर, प्रत्येकी 150 मार्कांचे, पहिल्यात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. दोन्ही पेपरात 40-40 टक्के पडले की मूल पात्र. शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीत आलं तरच, आणि त्या जागा ठरलेल्या असतात. तेव्हा शाळा टक्केवारी सांगते ती नेमकी कशाची तेही विचारून घ्या.

आणि हा पेपर नक्की काय मोजतो तेही बघा. दीड तासात 75 प्रश्न, उत्तरपत्रिकेवर पेनाने गोल रंगवायचे, एकदा रंगवला की खोडायची सोय नाही. माझ्या वर्गातला गणितातला सगळ्यात पक्का मुलगा, सराव पेपरात त्याने 31 वा प्रश्न नंतर बघू म्हणून सोडला आणि 32 चं उत्तर 31 च्या ओळीत रंगवलं, तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक ओळ वर सरकली. कच्चं काम बघितलं तर एकूण एक बरोबर. दहा वर्षांचं पोर रडायला लागलं. त्याला गणित येत नाही असं कुणी म्हणेल का?

अजून एक मुलगी आठवते, आईवडील बांधकामावर, घरी बंजारा बोली. प्रश्न होता सव्वाशे मुलांच्या शाळेत पाऊणशे मुलगे तर मुली किती. ती नुसती बसून राहिली. मी जवळ जाऊन वहीवर 125 आणि 75 लिहिलं, तर लगेच म्हणाली 50! तिला वजाबाकी येत होती, पाऊणशे हा शब्द तिच्या घरात कधी कुणी उच्चारलाच नव्हता. मग आम्ही महिनाभर रोज दहा मिनिटं पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, अडीच एवढंच घेतलं, किराण्याच्या दुकानाचा खेळ करून, आणि फक्त तिलाच नाही तर अर्ध्या वर्गाला त्याचा फायदा झाला. आपल्या नवी मुंबईत एमआयडीसीच्या आसपासच्या शाळांत अशी मुलं भरपूर आहेत, मराठी ही त्यांची शाळेतली भाषा आहे, घरातली नाही, त्यामुळे अशा शाळेचा निकाल आणि ज्या शाळेत झाडून सगळी पोरं क्लासला जातात तिचा निकाल एका रांगेत ठेवून बघणं मला पटत नाही.

त्या 90 टक्केवाल्या शाळेत प्रवेशाआधी मुलीची टेस्ट घेणार असतील तर तेही लक्षात ठेवा, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे प्राथमिकला प्रवेश देताना अशी चाळणी लावता येत नाही. आणि व्हॉट्सॲपवर कुणी "आमची शाळा नॅसमध्ये पहिली" (नॅस म्हणजे मुलांना किती येतं ते बघणारं देशपातळीवरचं सर्वेक्षण) असं फिरवत असेल तर विश्वास ठेवू नका. 12 नोव्हेंबर 2021 चं नॅस काय किंवा 4 डिसेंबर 2024 चं तसंच परख सर्वेक्षण काय, त्यात निवडक शाळांतली निवडक मुलं घेतात आणि निकाल जिल्ह्याचा येतो, शाळेचा नंबर काढतच नाहीत.

आता शाळेत खरंच गडबड असू शकते का? असू शकते, मी आंधळेपणाने शाळेची बाजू घेत नाहीये. पाचवीला दोन वर्षांत चार शिक्षक बदलले, वर्ग रिकामा राहतो, किंवा जानेवारीपासून बाकी सगळे विषय बंद करून नुसत्या स्कॉलरशिपच्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतात, असं काही असेल तर जरूर विचार करा. हे शेवटचं तर चांगला निकाल लावणाऱ्या शाळांतही चालतं हं.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर तिचं तिच्याशीच ताडून बघा. दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकातलं तिला पाठ नसलेलं एखादं पान वाचायला द्या, मग पुस्तक मिटून काय वाचलं ते तिच्या शब्दांत सांगू द्या. अडखळली तर आत्ताच बाईंना भेटा, पाचवीपर्यंत थांबू नका. शाळा अनुदानित किंवा महापालिकेची असेल तर तिसरीला पावसाळ्यात पायाभूत चाचणी होते, दिवाळीच्या आसपास संकलित चाचणी एक आणि एप्रिलमध्ये संकलित चाचणी दोन. तिन्हीचे पेपर बघायला मागा, बाई दाखवतात. आणि मार्क बघून लगेच परत देऊ नका, चुकलेल्या प्रश्नाशेजारी तिने काय काय खरडलंय ते नीट बघा, आणि तिला विचारा की इथे तू काय करायला गेली होतीस.