तालुक्याच्या गावातली दुकानं आणि उपक्रम लोकांपर्यंत कसे पोहोचवावेत?

तुम्ही लिहिलंय की फेसबुक पेज काढलं, चौकात फ्लेक्स लावले, तरी लोक खरेदीला शहरातच जातात. माझं माण तालुक्यात किराणा-भुसाराचं दुकान आहे. आमच्याकडे जे लागू पडतं ते सांगतो.

एकेका दुकानाची जाहिरात करू नका, बाजाराच्या दिवसाची करा. वाड्यावस्त्यांवरचा माणूस एका दुकानासाठी एसटीचं भाडं घालवत नाही. बियाणं, दवाखाना, बँक, पोरांच्या वह्या अशी चार कामं एका खेपेत होणार असतील तरच येतो. म्हणून उद्या काय मिळणार ते त्याला आदल्या संध्याकाळीच कळलं पाहिजे.

'सर्व प्रकारचा माल योग्य दरात मिळेल' ही ओळ प्रत्येक पाटीवर असते, ती कुणी वाचत नाही. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर असं टाका: 'उद्या बाजाराला मंगळवेढ्याची नवी मालदांडी ज्वारी, किलोला अमुक रुपये. घोंगडीवाले मारुतीच्या देवळापाशी. शिलाई मशीन दुरुस्ती दुपारी दोनपर्यंत.' मालाचं नाव, भाव, जागा, वेळ, बस्स. भाव लिहायला व्यापारी का-कू करतात, शेजारचा पाडून विकेल म्हणून. पण भाव कळल्याशिवाय घरची बाई पिशवी उचलत नाही, हे मी रोज गल्ल्यावर बसून बघतो.

मालदांडीचं नाव मुद्दाम घेतलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हा त्या भागाचाच खास माल अशी सरकारी नोंद झाली. तुमच्या भागात असा माल असेल तर मानांकनाची नोंदणी असलेल्या शेतकऱ्याकडूनच घ्या आणि पोत्यावर तसं ठळक लिहा. यात्रेला, दिवाळीला पुण्या-मुंबईहून येणारी आपलीच माणसं अशा मालाची मुद्दाम चौकशी करतात आणि जाताना गाडीत भरून नेतात.

जवळ सामुदायिक रेडिओ, म्हणजे त्या भागातल्या लोकांसाठी चालणारं छोटं केंद्र असेल तर ते सोडू नका. म्हसवडला १९९७ साली बायकांची माणदेशी बँक उभी राहिली आणि २००८ साली त्याच कामातून 'माणदेशी तरंग' रेडिओ सुरू झाला. अशा केंद्राचा आवाज आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरांत जातो, म्हणजे नेमका तुमच्या बाजाराचा टापू. या केंद्रांना जाहिराती घेता येतात आणि त्या मोठ्या एफएमपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. चार दुकानदारांनी वर्गणी काढली तरी भागतं. जाहिरात आपल्या बोलीत करा, पुस्तकी नको.

उपक्रमांचंही तेच. रक्तदान, डोळे तपासणी, वाचनालयाची नोंदणी रविवारी शाळेत ठेवली की तीच ती गावातली माणसं येतात. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडजवळ टेबल मांडा, दहा गावं समोरून जातात. आणि बचत गटाच्या बायकांना बाजाराच्या टोकाला उन्हात बसवू नका, ही मला फार लागणारी गोष्ट आहे. दुकानाच्या पायरीवर, सावलीत जागा द्या. शेंगदाण्याची चटणी चव बघायला ताटलीत ठेवली की गिऱ्हाईक थांबतं, मग आत दुकानातही डोकावतं. यात दुकानदाराचाही फायदाच आहे.

व्यापारी असोसिएशनची वाट बघू नका. किराणा, कापड, खतं आणि भांडी असे चार जण तयार झाले तरी सुरुवात होते. तुमचा बाजार कोणत्या वारी भरतो आणि एसटी कुठून कुठून येते तेवढं कळवा, पहिल्या महिन्यात काय काय करायचं ते सविस्तर लिहितो.