लॅगिंगवाले, गॅरेजवाले आणि कांदा चाळ: ॲस्बेस्टॉसबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : १९८६ ते १९९९ मी नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे बॉयलरच्या पाइपांचं लॅगिंग (उष्णता आत राहावी म्हणून पाइपांवर आवरण चढवणं) करायचो. आता वय ६३. जिना चढताना दम लागतो, खोकला कोरडा. थुंकीत काही न सापडताही टीबीचा कोर्स करून झाला, फरक नाही. इतक्या जुन्या कामाचा त्रास आता होईल का? (सिडको)

होतो, आणि बहुतेकदा असाच उशिरा होतो. ॲस्बेस्टॉस म्हणजे उष्णता अडवणारं तंतुमय खनिज, लॅगिंगच्या जुन्या मालात ते असायचं. त्याचा बारीक तंतू फुप्फुसात खोल रुतला की विरघळत नाही. त्याच्याभोवती हळूहळू वण धरतो, फुप्फुस ताठर होतं. याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. तो दिसायला दहा-वीस वर्षं जातात. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा, तर तीस-चाळीस वर्षांनीही उगवतो. ‘काम सोडलं तेव्हा ठणठणीत होतो’ हे म्हणूनच डॉक्टरला फारसं उपयोगाचं नाही.

तुमच्यासारख्या कितीतरी जणांच्या फाइलीत आधी टीबीच लिहिलेला असतो. दम, खोकला, एक्स-रेवर डाग, की लिहा टीबी! पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावून दीर्घ श्वास घ्यायला सांगितला, तर ॲस्बेस्टॉसिसमध्ये श्वासाच्या शेवटी चपलेचा वेल्क्रो उघडल्यासारखी चरचर ऐकू येते. छातीचा एचआरसीटी (बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन) आणि फुंकर मारून करायची पीएफटी (फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) या दोन तपासण्या छातीच्या डॉक्टरांकडून करून घ्या. रुतलेले तंतू बाहेर काढणारं औषध नाही. पण फ्लू आणि न्यूमोनियाची लस घेता येते, गरज पडली तर ऑक्सिजन लावता येतो. बिडी असेल तर आजच बंद. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटीने वाढतो.

एक काम मात्र घरी बसून करायचं आहे. एका कागदावर लिहा: कुठल्या साली, कुठल्या खात्यात, काय हाताळलं (दोरी, कापड, पावडर कालवून केलेला लेप), जुनं लॅगिंग कोण फोडायचं, सोबत कोण होतं. डॉक्टर बहुधा हे विचारत नाहीत, म्हणून तुम्हीच तो कागद पुढे सरकवा. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने कळवायलाच हवा असा व्यावसायिक आजार आहे आणि ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) यादीतही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस उद्योगाला बजावलं होतं, की कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपायची. ठेकेदाराच्या माणसाची अशी नोंद हाती लागणं कठीणच. म्हणूनच जुनी पगारचिठ्ठी, गेटपास, पीएफचा नंबर, जे सापडेल ते त्या कागदाला टाचून ठेवा.

प्रश्न : नाशिकच्या द्वारका चौकाजवळ माझं गॅरेज आहे. ब्रेकचा ड्रम उघडला की कॉम्प्रेसरने हवा मारतो. पोरांना रुमाल बांधायला लावलाय. पुरेल?

नाही. ब्रेकच्या लायनरमध्ये (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीत) ॲस्बेस्टॉस असू शकतं. डोळ्यांना दिसते ती धूळ रुमाल थोडीफार अडवतो. घातक तंतू दिसतच नाहीत आणि हवा मारल्यावर तासन्‌तास तरंगत राहतात. चहा पिणारं गिऱ्हाईकही तेच ओढतं. साबणाच्या पाण्याचा फवारा मारा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. लायनर कोरडा घासू नका. नवा घेताना ‘ॲस्बेस्टॉस-फ्री’ लिहिलेला मागा.

प्रश्न : कांदा चाळीवरचे सिमेंटचे जुने पत्रे काढायचे आहेत. कापून गोठ्यावर टाकू का? खालचा कांदा खाण्याजोगा आहे ना? (निफाड तालुका)

कांदा खुशाल खा. पत्र्यात शंभरात दहाच्या आसपास ॲस्बेस्टॉस, बाकी सिमेंट. अखंड पत्रा गपचूप पडून असतो तोवर तंतू सिमेंटमध्ये पकडलेले राहतात. घात करतो तो कटर. तेव्हा कापू नका. पत्रे पाण्याने भिजवा, हुकाचे नट ढिले करून अखंड उतरवा, वरून फेकू नका. तुकडे शिवाररस्त्याच्या भरावात तर मुळीच नको, ट्रॅक्टरच्या चाकाखाली त्यांचं पीठ होतं. टाकायचे कुठे, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिक कार्यालयात विचारा. तोवर ताडपत्रीखाली थप्पी लावा.

आणि पत्र्यावर पाय देऊ नका! ॲस्बेस्टॉसच्या कॅन्सरपेक्षा पत्रा फुटून खाली आलेली माणसं मी जास्त पाहिली आहेत. दोन वाशांवर टेकणारी जाड फळी टाका आणि तिच्यावरूनच चाला.

प्रश्न : मिस्टर गॅस्केट (पाइप-मशीनच्या जोडात गळती रोखायला बसवतात ती चकती) कापायच्या कामाला आहेत. त्यांचे कपडे मी धुते. मलाही धोका आहे का? (अंबड)

ते गॅस्केट ॲस्बेस्टॉसचं असेल तर आहे. नवऱ्याचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याचं जगभर नोंदलं गेलं आहे. कारखान्यातच कपडे बदलणं आणि तिथेच धुणं हा खरा उपाय, आणि तो मालकाने करायचा आहे. तोवर कपडे पिशवीत बांधून आणायला सांगा. न झटकता थेट पाण्यात बुडवा. मुलांच्या कपड्यांत मिसळू नका.

प्रश्न : आमच्या कारखान्यात कामाची पाळी (शिफ्ट) संपली की गुळाचा खडा देतात. धूळ उतरते म्हणे. खरं का? (सिन्नर)

गूळ जातो पोटात, धूळ असते फुप्फुसात. खडा अवश्य खा, गोड लागतो. पण सुपरवायझरने गूळ दिला की त्याला विचारा, मशीनवरचा धूळ ओढणारा पंखा कधी बसवणार?